पिठलं-भाकरी

पिठलं-भाकरी : हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, म्हणजे बेसन, फोडणीच्या पाण्यात शिजवून केलेलं कालवण आणि त्याच्याबरोबर ज्वारीची, बाजरीची किंवा तांदळाची भाकरी, असं हे महाराष्ट्रातलं रोजच्या ओळखीचं जेवण. सणावाराच्या पानात त्याला जागा नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढत नाहीत, देवाला नैवेद्य दाखवायचा तर पुरणाचा. पण प्रवासातून रात्री उशिरा घरी आलेलं माणूस, तापातून उठलेलं माणूस, दिवसभर राबून थकलेलं माणूस यांच्यापुढे पहिल्यांदा येतं ते हेच. आवडता पदार्थ विचारला तर पुष्कळजण मोदक, पुरणपोळी किंवा मटण सांगतील. आठवडाभर बाहेरचं खाऊन घरी परतल्यावर मात्र तेच लोक आईला ‘पिठलं टाक’ म्हणतात. समाधानाच्या जेवणाची खरी परीक्षा या दुसऱ्या वेळी होते, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

नावं आणि प्रकार

पीठ या शब्दावरून पिठलं. विदर्भात याला ‘चून’ किंवा नुसतं ‘बेसन’ म्हणतात, खानदेश-मराठवाड्यातही ‘बेसन-भाकर’ हा शब्द कानावर पडतो. पातळ असेल तर पिठलं, कोरडं आणि मोकळं असेल तर झुणका, असा ढोबळ फरक आहे, पण दोन घरांत यावर एकमत होईलच असं नाही. ताकात कालवून केलेलं ताकातलं पिठलं आंबटसर लागतं. ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो तिथे हिंग, कढीपत्ता आणि ताक यांच्यावरच भागतं. कांद्याची पात, मेथी, शेवग्याचा पाला असं काहीही घालून झुणका होतो. घट्ट शिजवलेलं पिठलं ताटात थापून वर ओलं खोबरं-कोथिंबीर पेरली आणि वड्या कापल्या की पाटवड्या. तिखट आणि तेल हात न आखडता घातलं की त्याला रावण पिठलं म्हणतात. ते खाताना डोळ्यांतून पाणी आलं नाही तर करणारीला कमीपणा वाटतो.

कोकणात गोष्ट थोडी वेगळी. तिथे बेसनाच्या जागी कुळथाची पिठी असते. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळतात. लसणाची फोडणी, दोन आमसुलं आणि पिठी, एवढ्यावर तपकिरी रंगाचं पातळ पिठलं होतं. ते भाकरीपेक्षा मऊ भातावर जास्त खातात. मुंबईहून गावाला जाणाऱ्या चाकरमान्याच्या परतीच्या पिशवीत ही पिठी हमखास असते.

करण्याची रीत

कढईत तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि कांदा घालतात, कांदा मऊ झाला की हळद. इथून दोन वाटा फुटतात. एक, बेसन आधीच पाण्यात कालवून ते फोडणीत ओतायचं. हे नवशिक्याला सोपं. दुसरी, फोडणीत पाणी घालून त्याला खळखळून उकळी आणायची आणि त्यात कोरडं पीठ वैरायचं. डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ पडत असतं आणि उजवा हात घोटत असतो. जुन्या बायका या दुसऱ्या रीतीलाच खरं पिठलं मानतात, आणि चवीत फरक पडतो हे खरं आहे.

घोटणं थांबलं की गुठळ्या होतात. उकळत्या पाण्यात पिठाचा गोळा पडला की त्याची बाहेरची बाजू लगेच शिजून चिकट होते आणि आतलं पीठ कोरडंच अडकून राहतं. गंमत अशी की काही घरांत या गाठी मुद्दाम ठेवतात. ‘गाठींचं पिठलं’ म्हणून ते मागून खाल्लं जातं आणि भाकरीच्या घासात अर्धवट फुटलेली गाठ आली की मुलं खूश होतात.

एक वाटी बेसनाला तीन ते चार वाट्या पाणी घेतलं तर ओघळतं पिठलं होतं. आच मंद करून झाकण ठेवायचं आणि चांगली वाफ आणायची. या वेळी कढईतून ‘फुटुक फुटुक’ आवाज येतो आणि गरम शिंतोडे मनगटावर उडतात. घाई केली तर पीठ कच्चं लागतं, आणि कच्च्या बेसनाची चव कुठल्याही मसाल्याने झाकत नाही. झाकण काढल्यावर कच्चा वास गेलेला असला, कडेने तेल सुटू लागलं की झालं. गॅस बंद केल्यावरही ते घट्ट होत जातं, म्हणून थोडं पातळ असतानाच उतरवायचं. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. घरात भाजी नसताना दारात पाहुणा उभा राहिला तरी यजमानीण घाबरत नाही, त्याचं कारण ही वीस मिनिटं आणि बेसनाचा डबा.

भाकरी

ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे पोळीसारखी लाटायला गेलं तर ती फाटते. म्हणून पिठात कढत पाणी घालून ते तळहाताने रगडून मळतात. गरम पाण्याने पीठ धरून येतं. परातीत किंवा काठवटीत गोळा थापताना तो बोटांच्या टोकांनी फिरवत न्यायचा असतो. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची आणि मग आचेवर शेकायची. नीट थापलेली भाकरी टम्म फुगते आणि तिचा वरचा पापुद्रा सुटा होतो. पीठ जुनं झालं की त्याची ‘विरी जाते’, थापताना कडा चिरतात आणि भाकरी उचलताना हातात तुकडे येतात. ताज्या दळणाचा आग्रह त्यासाठीच.

ज्वारीत मालदांडीचं नाव मोठं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत बाजरी, आणि कोकणात तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. जोडीला बुक्कीने फोडलेला कांदा, मिरचीचा ठेचा, कच्चं तेल किंवा तूप.

पोटाच्या दृष्टीनेही ही जोडी विचारपूर्वक जमल्यासारखी आहे. शंभर ग्रॅम बेसनात साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीतून मिळतं, आणि डाळीत जे कमी पडतं ते भाकरी भरून काढते.

कधी करतात

लग्नघरात चार दिवस जिलबी, मठ्ठा आणि मसालेभात झाल्यावर, वरात रवाना झाली की रात्री उरलेल्या माणसांसाठी पिठलं-भात टाकतात. मांडव अजून उभा असतो, बायका दागिने उतरवून जमिनीवर बसलेल्या असतात आणि चार दिवसांत पहिल्यांदा सगळे मनापासून जेवतात. यात्रेहून परतल्यावर, घर बदललं त्या रात्री, पगाराच्या आदल्या आठवड्यातही हेच.

दुःखाच्या घरातलं जेवणही हेच आहे, आणि याचा उल्लेख टाळून ही नोंद पुरी होणार नाही. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारी किंवा सोयरे जेवण आणतात, त्याला अनेक भागांत ‘कडू घास’ म्हणतात. त्या डब्यात बहुधा पिठलं-भाकरी किंवा पिठलं-भात असतो. त्यामुळे काही घरांत शुभकार्याच्या दिवशी पिठलं करत नाहीत. माझे आजोबा गेले त्या रात्री शेजारच्या काकूंनी ताटाने झाकलेलं पातेलं आणलं होतं. आजी जेवायला तयार नव्हती. काकूंनी भाकरी कुस्करली, त्यावर पिठलं ओतलं, कालवलं आणि काही न बोलता पहिला घास तिच्या हातात ठेवला. आजीने तो खाल्ला. मग दुसराही.

घराबाहेर

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून दौंड तालुक्यातल्या यवतला मुक्कामाला येते. त्या संध्याकाळी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढण्याची गावाची रीत आहे. काळभैरवनाथाच्या मंदिरात मोठमोठ्या कढयांतून पिठलं रटरटत असतं आणि गावातल्या घराघरांतून थापलेल्या भाकऱ्या तिथे येतात. दिवसभर चाललेल्या माणसाला यापेक्षा गोड काही लागत नाही.

पुण्याजवळ सिंहगडावर चढून जाणाऱ्यांची ओढही अर्धी पिठल्यासाठीच असते. गडावरच्या बायका चुलीवर भाकऱ्या थापतात, सोबत वांग्याचं भरीत, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. चुलीचा धूर आणि चढणीने लागलेली भूक, या दोन गोष्टी घरच्या स्वयंपाकघरात आणता येत नाहीत.

1995 साली शिवसेना-भाजप युतीचं सरकार आल्यावर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं राज्यभर निघाली. राजकारणाने हा पदार्थ निवडला कारण मतदाराला तो समजावून सांगावा लागत नव्हता. पुढे केंद्रांच्या जागा इतर खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांकडे गेल्या, जागांवरून वाद झाले, आणि सरकार बदलल्यानंतर योजना गुंडाळली गेली. कष्टकऱ्याला स्वस्त आणि पोटभर जेवण द्यायची कल्पना मोलाची होती, ती अशी वाया गेली याचं वाईट वाटतं. 26 जानेवारी 2020 पासून सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत चपात्या, भाजी, वरण आणि भात आला, झुणका नाही.

महाराष्ट्राबाहेर या पदार्थाचं एक जवळचं नातलग भेटतं. आंध्र आणि तमिळनाडूत पुरीबरोबर किंवा इडलीबरोबर बेसनाचं पातळ कालवण वाढतात, त्यात कांदा, मिरची, मोहरीची फोडणी सगळं असतं. त्याचं तिथलं नाव ‘बॉम्बे चटणी’. परदेशात शिकायला गेलेल्या मराठी मुलांनाही पहिल्या महिन्यात जमणारा पदार्थ हाच, कारण बेसन कुठल्याही भारतीय किराणा दुकानात मिळतं. भाकरी जमायला मात्र वर्ष लागतं, तोवर पोळी नाहीतर पाव.

खरवड आणि शिळं पिठलं

पिठलं संपल्यावर कढईच्या बुडाला जो खमंग, तांबूस थर चिकटलेला असतो त्याला खरवड म्हणतात. लोखंडी कढईची खरवड सर्वांत चांगली. उलथन्याने ती खरवडून काढायची आणि तशीच कढईत भाकरीचा तुकडा फिरवून खायची, त्यासाठी घरातल्या धाकट्यांत भांडणं लागतात आणि आई समान वाटे करून देते. रात्रीचं उरलेलं पिठलं सकाळपर्यंत घट्ट बसतं. त्याचे तुकडे करून तव्यावर चमचाभर तेलात परततात, शिळ्या भाकरीबरोबर खातात आणि वरून चहा पितात.