एक कंट्रोलर, चाळीस वर्षांचे खेळ

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरोघरी टीव्हीला जोडला जाणारा 'व्हिडिओ गेम' बहुतेक वेळा निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असे. ज्याला आपण 'कॅसेट' म्हणत होतो त्यात फीत नव्हतीच, चिप होती. तेच खेळ आज इम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने संगणकावर किंवा फोनवर चालतात, आणि त्याच पडद्यावर नवे त्रिमितीय खेळही चालतात. त्यामुळे दोन्हींसाठी एकच वायरलेस कंट्रोलर घ्यावा असे वाटणे साहजिक आहे. मात्र तो निवडताना खोक्यावर ठळक छापलेल्या रंगीत दिव्यांकडे आणि जादा बटणांकडे पाहण्यापेक्षा, अंगठ्याखाली काय आहे आणि हे यंत्र समोरच्या यंत्राशी कोणत्या भाषेत बोलते, हे पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

जुन्या खेळांचा सगळा भार अधिक चिन्हाच्या आकाराच्या बटणावर, म्हणजे डी-पॅडवर असतो. निन्टेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी ही रचना १९८२ साली 'गेम अँड वॉच' या हातात मावणाऱ्या खेळयंत्रांच्या मालिकेतल्या 'डाँकी काँग'साठी वापरली. वरचा क्रूस एकसंध असतो आणि मध्यभागी एका टेकूवर तोललेला असतो. त्याच्या प्रत्येक हाताखाली रबराचा छोटा घुमट असून घुमटाच्या आत कार्बनचा ठिपका असतो. हात दाबला की घुमट बसतो, ठिपका खालच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांना जोडतो आणि मंडल पूर्ण होते. टेकूमुळे डावी आणि उजवी बाजू एकाच वेळी दबत नाही, आणि दोन शेजारचे हात एकत्र दबले की तिरकी दिशा मिळते. १९८७ मध्ये निन्टेंडोला या रचनेचे अमेरिकेत पेटंट मिळाल्याने इतर कंपन्यांना बराच काळ वेगळे आकार शोधावे लागले. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर वरून चार सुटी बटणे दिसतात, ती यातूनच.

टेकू आखूड असेल किंवा घुमट फार मऊ असेल, तर उजवीकडे जाताना अंगठा किंचित कलला तरी तिरकी दिशा लागते. हे तपासायला महागडे उपकरण लागत नाही, आपला जुना 'काँट्रा' पुरेसा आहे. सैनिकाला उजवीकडे पळवत सतत गोळ्या झाडाव्यात आणि अंगठा वर-खाली हलकेच डोलवावा. गोळ्या सरळ जाण्याऐवजी मधूनच आभाळाकडे जाऊ लागल्या, तर तो डी-पॅड कितीही देखणा असला तरी जुन्या खेळांच्या कामाचा नाही. 'टेट्रिस'मध्येही हाच दोष ठोकळा बाजूला सरकवताना अवेळी खाली घसरण्याच्या रूपाने दिसतो.

नव्या खेळांना मात्र दोन ॲनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्याने हव्या त्या बाजूला ढकलता येणाऱ्या छोट्या दांड्या, लागतात, कारण त्यांना दिशेबरोबर दांडी किती ढकलली हेही कळावे लागते. बहुतेक कंट्रोलरमध्ये हे मोजमाप पोटेन्शियोमीटर करतो: धातूचा एक स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर घासत फिरतो आणि त्याच्या जागेनुसार व्होल्टेज बदलते. घासणे आले म्हणजे झीज आली. पट्टी झिजली की स्टिक मध्यावर असूनही यंत्राला ती ढकललेली वाटते आणि पडद्यावरचे पात्र आपोआप चालू लागते; यालाच ड्रिफ्ट म्हणतात. त्यावरचा उपाय एका जुन्या शोधातून आला. भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खातून वीज वाहत असताना त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवले, तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेने सूक्ष्म विद्युतदाब निर्माण झाल्याचे त्यांना आढळले. स्टिकच्या बुडाशी चुंबक आणि समोर याच परिणामावर चालणारा हॉल संवेदक बसवला की काहीही न घासता स्टिकची जागा कळते. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या खेळयंत्राच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच ही पद्धत होती. ती सर्वसामान्य किमतीच्या कंट्रोलरमध्ये यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, हे जरा विचित्रच. अलीकडचे टीएमआर संवेदकही चुंबकावरच चालतात आणि वीज कमी खातात. तरीही स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग झिजतेच, म्हणून 'कधीच ड्रिफ्ट होणार नाही' हा दावा जाहिरातीपुरताच मानावा.

आता वायरलेसपणाकडे वळू. फॅमिकॉमच्या पहिल्या कंट्रोलरवर चार दिशा आणि चार बटणे मिळून आठच कळा होत्या. यंत्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, ते आठ बिट एकामागून एक तारेतून ओढून घेई आणि हे काम एका मिलिसेकंदाहून कमी वेळात उरके. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि जुने खेळ याच तालावर बेतलेले आहेत. आज कळ दाबल्यावर संदेश रेडिओलहरींतून निघतो, मग ग्राहक यंत्र, यूएसबी, संगणकप्रणाली आणि इम्युलेटर असा प्रवास करून पडद्यावर येतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० उड्या मारत वाट काढते, परंतु घरातले वाय-फाय त्याच पट्ट्यात असेल तर काही संदेश पुन्हा पाठवावे लागतात. त्यामुळे विलंब वाढतो, आणि मुख्य म्हणजे तो कमी-जास्त होत राहतो. ठरावीक विलंबाची अंगठ्याला सवय होते, पण अनियमित विलंबाची होत नाही. म्हणूनच सोबत स्वतःचा डाँगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा ग्राहक, देणारा कंट्रोलर उजवा ठरतो. त्यातही विचारणेचा वेग पाहावा: यूएसबीवर १२५ हर्ट्झने विचारणा होत असेल तर दर ८ मिलिसेकंदांनी कळांची स्थिती कळते, तर १,००० हर्ट्झला दर मिलिसेकंदाला. डाँगल यूएसबी ३च्या जागेला अगदी खेटून लावू नये, कारण त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच रेडिओगोंगाट बाहेर पडतो. छोटी एक्स्टेन्शन वायर पुरते. (टीव्हीचा, चित्रावरची प्रक्रिया टाळून विलंब कमी करणारा 'गेम मोड' बंद असेल तर मात्र ही सारी मेहनत चित्र सुशोभित करण्याच्या प्रक्रियेत वाया जाते.)

बहुपयोगीपणाची खरी कसोटी भाषेची आहे. कंट्रोलरने कळांची माहिती संगणकाला कशी द्यायची याच्या ठरलेल्या रीती आहेत: विंडोजवरील आधुनिक खेळ एक्सइनपुट ही रीत मागतात, जुने खेळ आणि काही इम्युलेटर डायरेक्टइनपुट समजतात, आणि निन्टेंडोच्या 'स्विच' या खेळयंत्राची रीत आणखी निराळी आहे. एटबिटडू कंपनीच्या २०२१ च्या प्रो २ या कंट्रोलरच्या पाठीवर एस, ए, डी, एक्स अशा चार खुणांची सरकती कळ आहे, ती याचसाठी. मोड बदलला की क्षमताही बदलतात: एक्सइनपुटमध्ये जायरोस्कोपची, म्हणजे कंट्रोलर कसा फिरवला हे ओळखणाऱ्या संवेदकाची, सोयच नाही, तर स्विच मोडमध्ये तर्जनीखालचा ट्रिगर किती दाबला हे कळत नाही, फक्त दाबला की नाही एवढेच कळते. कारच्या शर्यती खेळणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. निन्टेंडोच्या मांडणीत ए उजवीकडे आणि बी खाली, एक्सबॉक्सच्या मांडणीत ए खाली आणि बी उजवीकडे असतो. अदलाबदलीची सोय असली की ही अडचण दोन दिवसांत विसरली जाते.

बॅटरीबाबत फार चर्चा नको, फक्त ती काढता येते का ते पाहावे. लिथियमची बॅटरी काही वर्षांत मंदावतेच, आणि बंदिस्त कवचात ती बसवलेली असेल तर डी-पॅड आणि स्टिक ठणठणीत असूनही कंट्रोलर वायरने बांधून ठेवावा लागतो. प्रो २ मध्ये तिच्या जागी साधे दोन डबल-ए सेल चालतात. माझे मत विचाराल तर मी आधी डी-पॅड पाहीन, मग मोड, मग डाँगल. हॉलची स्टिक चौथ्या क्रमांकावर, कारण पोटेन्शियोमीटरची स्टिक झिजली तर बदलून मिळते, पण चुकीच्या तोलाचा डी-पॅड पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चुकीचाच राहतो.