चिखल, काजळी आणि कर्ता: मळवण्याची स्पॅनिश क्रियापदे इंग्रजीत आणताना

घाण करण्याच्या अनेक स्पॅनिश क्रियापदांच्या पोटातच घाण करणारा पदार्थ दडलेला असतो. 'लोदो' म्हणजे चिखल. त्याच्या आधी 'एन' आणि शेवटी 'आर' एकाच वेळी जोडले की 'एनलोदार', म्हणजे चिखलाने माखणे, हे क्रियापद तयार होते. तसाच 'बार्रो' या चिखलाच्याच दुसऱ्या शब्दापासून 'एम्बार्रार' घडतो आणि पुढे तो कोणत्याही चिकट पदार्थाने बरबटण्यासाठी वापरला जातो. काजळीला 'तिस्ने' म्हणतात, त्यावरून 'तिस्नार'. ओशट चरबीला 'प्रिंगे' म्हणतात, त्यावरून 'प्रिंगार'.

इंग्रजीत चिखलासाठी 'मडी' हे क्रियापद आहे, पण पुढे वाट अडते. 'तिस्नार'साठी 'ब्लॅकन' घेतले तर काळेपणा उरतो आणि काजळी गळून जाते. 'प्रिंगार'साठी 'ग्रीस' घेणे तर सरळ चूक ठरते, कारण इंग्रजी वाचकाला त्यातून यंत्राला वंगण घातल्याचा अर्थ लागतो. अशा वेळी पदार्थ क्रियापदातून बाहेर काढून 'विथ' लावून स्वतंत्रपणे सांगावा लागतो. वाक्य लांबते, पण अर्थ शाबूत राहतो.

सर्वसाधारण मळण्यासाठी 'एन्सुसियार' आणि डाग पडण्यासाठी 'मांचार' हा भेद मराठी वाचकाला लगेच उमगेल, कारण 'सदरा मळला' आणि 'सदऱ्यावर डाग पडला' यांत आपणही गल्लत करत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी 'डर्टी' आणि दुसऱ्यासाठी 'स्टेन' चालते. 'सॉइल' मात्र जपून वापरावे: लहान मुलाने कपडे 'सॉइल' केले असे लिहिल्यास त्याने कपड्यांतच शौच केल्याचा अर्थ निघू शकतो. सर्वांत हट्टी शब्द 'पेर्कुदिर'. पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये घामाचा मळ इतका मुरतो की कितीही घासले तरी पिवळट-काळपट छटा जात नाही, ती अवस्था हे क्रियापद एका शब्दात सांगते. इंग्रजीत त्याला सुटसुटीत जोडीदार नाही; मुरलेल्या मळाचे वर्णनच करावे लागते. अब्रूला बट्टा लावणाऱ्या 'मान्सियार'साठी मात्र 'सली' हा चांगला शब्द तयार आहे.

माझ्या मते खरी कसोटी शब्दांच्या निवडीत नसून वाक्यरचनेत आहे. सदऱ्यावर चुकून वाइन सांडली तर स्पॅनिश माणूस सहजपणे 'से मे मांचो ला कामिसा' म्हणतो. या रचनेत सदरा आपोआप डागाळतो आणि 'मे' या छोट्या शब्दामुळे ते 'माझ्या बाबतीत' घडल्याचे कळते. इंग्रजी अनुवादक सवयीने 'मी सदऱ्यावर डाग पाडला' अशा अर्थाचे वाक्य लिहितो आणि मूळ वाक्यात नसलेला कर्ता उभा राहतो.

हा फरक केवळ शैलीचा नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोदित्स्की यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना काही चित्रफिती दाखवल्या; त्यांत कोणी फुगा मुद्दाम फोडत होते, तर कोणाच्या हातून तो चुकून फुटत होता. मुद्दाम केलेल्या कृतींचे वर्णन दोन्ही गटांनी कर्ता सांगूनच केले आणि तो कोण होता हेही सारखेच लक्षात ठेवले. अपघातांच्या बाबतीत मात्र इंग्रजी भाषकांनी कर्त्याचा उल्लेख अधिक वेळा केला, आणि नंतर विचारल्यावर तो त्यांना अधिक चांगला आठवलाही.

मराठीत 'माझ्या हातून डाग पडला' म्हणता येते, त्यामुळे या 'मे'चे वजन आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारी सोय म्हणजे 'गेट' हे क्रियापद: 'माय शर्ट गॉट स्टेन्ड'. 'माय'मुळे सदरा कोणाचा ते कळते आणि दोष कोणाच्याही माथी बसत नाही. कथेत ही काळजी घेतली नाही तर एखादे पात्र थोडे बदलते. साक्षीदाराच्या जबाबाच्या अनुवादात मात्र अपघात आणि कृत्य यांतला भेदच पुसला जाऊ शकतो.