दिवा हिरवा, तरी फोन बंद: ऑफिसच्या लाईनीमागचं सिग्नलिंग

भोसरी एमआयडीसीत कंपन्यांचे ईपीएबीएक्स (ऑफिसचं आपलं छोटं टेलिफोन एक्सचेंज) सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, डोकं फिरवणारा फॉल्ट कुठला, तर मोडेमवर लिंकचा दिवा मस्त हिरवा, केबल ओके, आणि तरी ना कॉल येतोय ना जातोय, तीसच्या तीस लाईनी बसलेल्या. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी अर्धा दिवस केबलच बदलत बसलो होतो (हसू नका). गोची होती सिग्नलिंगमधे, म्हणजे कॉल लावायचे-तोडायचे जे निरोप यंत्रं एकमेकांना देतात त्यात.

जुन्या काळी, पुण्याचा कोड 0212 होता तेव्हा, घरच्या फोनला ही भानगडच नव्हती. एक्सचेंजमधून 48 व्होल्ट यायचे, रिसीव्हर उचलला की करंट सुरू, 5 फिरवला की करंट पाच वेळा तुटणार, झालं काम. लांबच्या लाईनींवर मात्र निरोप सुरांमधून जायचे आणि तेही आवाजाच्याच वाटेने. अमेरिकेत लाईन मोकळी असल्याची खूण होती 2600 हर्ट्झचा सूर, आणि तिथल्या पोरांनी तोच सूर काढून फुकट ट्रंक कॉल केले, अगदी नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यात फुकट मिळणाऱ्या शिट्टीने पण! मग निरोपांची वाटच वेगळी काढायची असं ठरलं, शिवाय त्याने कॉलही पटकन लागायला लागले. एटी अँड टीने 1976 मधे सुरुवात केली, 1980 मधे अशा वेगळ्या वाटेचं सिग्नलिंग सिस्टिम नंबर 7 हे स्टँडर्ड आलं.

ऑफिसची पीआरआय, म्हणजे एकाच तारेवर तीस लाईनी देणारं डिजिटल कनेक्शन, हे त्याचंच छोटं रूप. 2.048 एमबीपीएसची डिजिटल लाईन, तिला ई1 म्हणतात, त्यात 64 केबीपीएसचे 32 टाईमस्लॉट, शून्य नंबरचा सिंकला म्हणजे दोन्ही टोकांचा ताल जुळवायला, 16 नंबरचा सिग्नलिंगला म्हणजे डी चॅनल, उरलेले 30 बोलायला. आता वाट वेगळी झाली खरी, पण रात्री दोनला कोणी फोनच करत नाही तेव्हा ती वाट चालू आहे की मेली हे कळणार कसं? म्हणून डी चॅनलची लिंक सांभाळणाऱ्या क्यू.921 या स्टँडर्डमधे सोय आहे की लिंक दहा सेकंद गप्प राहिली की समोरच्याला 'आहेस ना रे?' विचारायचं, सेकंदभरात उत्तर नाही आलं तर परत, असं तीनदा, तरी गप्प तर लिंक नव्याने उभी करायची. यात एक बाजू 'नेटवर्क' लागते आणि दुसरी 'यूजर'. माझ्या त्या फॉल्टमधे ईपीएबीएक्सचं नवीन कार्ड 'नेटवर्क'वर राहिलं होतं, पलीकडे एक्सचेंज पण नेटवर्क, दोघेही साहेब, मग कसली जमतेय लिंक.

आणि हे काम वाटतं तेवढं साधं नाही. 15 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कमधलं एटी अँड टीचं एक स्विच, म्हणजे कॉल जोडणारं यंत्र, रीसेट होऊन परत आलं, शेजाऱ्यांना सिग्नलिंगमधून मेसेज गेले, सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीने तेही रीसेट झाले, मग त्यांचे शेजारी. 114 स्विच, नऊ तास गोंधळ.

2002 ला सिपचं, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने कॉल लावायच्या सिग्नलिंगचं, आजचं स्टँडर्ड, आरएफसी 3261, आलं आणि सगळं आयपीवर, म्हणजे त्याच इंटरनेटच्या पद्धतीवर, सरकलं. पीआरआयची तार तुमची एकट्याची असायची, सिपचा निरोप मात्र इंटरनेटवरून गेला तर वाटेत राउटर बसलेला. फोन सर्व्हरला सांगतो 'मी इथे आहे', ते रजिस्ट्रेशन सहसा तासभर चालतं, पण बरेच राउटर अर्ध्या-एक मिनिटात फोनकडे परत यायची वाट विसरून जातात. मग आउटगोइंग झकास आणि इनकमिंग गायब, आणि फोनवर 'रजिस्टर्ड' दिसतंय ते दिसतंयच! उपाय म्हणजे दर वीस-तीस सेकंदांनी रिकामं पॅकेट नाहीतर 'ऑप्शन्स' मेसेज टाकत राहायचा, म्हणजे क्यू.921 चं तेच 'आहेस ना रे', फक्त जरा कमी घाईने.

लॉकडाऊनमधे लोक कोथरूड-वाकडच्या फ्लॅटमधून सॉफ्टफोनवर (लॅपटॉपवरचं फोनचं ॲप) बसले तेव्हा हा प्रकार घरोघरी पोचला. त्यात काही राउटरमधलं 'सिप एएलजी' नावाचं फीचर मदत म्हणून पॅकेटमधले पत्ते बदलतं आणि उलट घोळ घालतं. ते बंद करा असं तेव्हा मी दिवसाला दहा जणांना फोनवर सांगायचो, फोनवर म्हणजे अर्थात मोबाईलवर.