आख्खं आंग दुखस, पण रिपोर्ट नॉर्मल

चोपडा तालुक्यातली माझी काकू तीन वर्षं एकच वाक्य म्हणत होती, ‘आख्खं आंग दुखस.’ आधी मान, मग खांदे, कंबर, पुढे पिंढऱ्या. एक्सरे झाला, अंगातली सूज बघणारी रक्ताची ईएसआर तपासणी झाली, संधिवातासाठीची आरए फॅक्टर झाली, थायरॉइडही झालं. फाइल जाड होत गेली आणि कागदोकागदी ‘नॉर्मल’. एका दवाखान्यात ‘काही नाही, मनाचं आहे’ म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात ती कामचुकार ठरली. दुखण्यापेक्षा हेच तिला जास्त लागलं.

आजाराचं नाव निघालं फायब्रोमायल्जिया. शंभरातल्या दोन ते चार जणांना तो असतो, बायकांमध्ये जास्त. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या 1990च्या निकषांत अंगावरचे 18 बिंदू दाबून बघायचे. 11 दुखले तर निदान पक्कं. 2010मध्ये ती अट सुटली. आता तीन महिने टिकलेलं अंगभर दुखणं, न उतरणारा थकवा, झोपून उठल्यावरही आलेला आळस आणि विसरभोळेपणा हे सगळं मिळून पाहतात. रक्त तपासतात ते दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी.

मग दुखतं कुठे? केळीच्या बागेत राखणीचं कुत्रं असतं. एखादं कुत्रं इतकं बिथरतं, की वाळलं पान पडलं तरी रात्रभर भुंकतं. बॅटरी घेऊन बाग पालथी घाला, चोर सापडणार नाही. पण भुंकणं खरंच असतं! एक्सरे म्हणजे ती बॅटरी. इथे बिघाड सांध्यात नाही, वेदनेचा निरोप नेणाऱ्या आणि वाचणाऱ्या मज्जासंस्थेत आहे. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ‘सबस्टन्स पी’ हे निरोप्या रसायन या रुग्णांत जवळपास तिप्पट आढळलं आहे.

म्हणूनच अंगदुखीची नेहमीची गोळी इथे फारशी लागू पडत नाही. प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन, कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन अशी औषधं डॉक्टर देतात, ती मज्जासंस्थेवर काम करतात. ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ असं भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं आणि काकूने पहिली पट्टी डब्यात टाकून दिली. दोन महिने फुकट गेले.

झोपेचं प्रकरण तर फारच मोठं. 1975मध्ये कॅनडात झोपेचे संशोधक मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप, त्यांना पूर्ण जागं न करता, आवाजाने मोडली. काही रात्रींत त्यांचंही अंग ठणकू लागलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, अंथरूण टाकलं तरी मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही. काकूचे सगळ्यात वाईट दिवस तेव्हाचेच.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2017मध्ये सगळे उपाय तोलले, तेव्हा ठाम शिफारस एकाचीच निघाली: व्यायाम. काकूने सुरुवात केली ती पहाटे पाच मिनिटं चालून, ऊन चढायच्या आत. महिन्याने दहा. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलंच होतं, हे आधी सांगितलेलं बरं.

खरी फजिती होते ती बऱ्या दिवशी. उडदाचे पापड घातले होते, शेजारणी जमल्या होत्या, अंग हलकं वाटत होतं. काकूने एका बैठकीत शंभर लाटले आणि पुढचे चार दिवस खाट धरली. यंदा वीस लाट्या झाल्या की लाटणं ठेवून ती उठते, ओसरीवर दोन चकरा मारते, पापड उन्हात पसरून येते. शेजारणी हसतात. ‘हसा,’ म्हणते आणि परत पोळपाटापाशी बसते.