लॅटिनवर बेतलेल्या कृत्रिम भाषा आणि उपपदांचा प्रश्न

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ‘हेबियस कॉर्पस’ (बंदी प्रत्यक्षीकरण) हे लॅटिन शब्द वकिलांच्या तोंडी नेहमीचेच असले, तरी त्यांत उपपद, म्हणजे इंग्रजीतील ‘द’ किंवा ‘अ’सारखा नामाआधीचा शब्द, नाही याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. अभिजात लॅटिनला उपपद कधी लागलेच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने शब्दांच्या जातींची चर्चा करताना आपल्या भाषेला उपपदांची गरज नसल्याचे स्पष्ट नोंदवले आहे. पुढे लॅटिनच्या आधारे नव्या भाषा रचणाऱ्यांमध्ये जे मतभेद झाले, त्यांचे मूळ आधार कोणत्या काळातील लॅटिनचा घ्यायचा, या प्रश्नात आहे.

कारण बोलीतील लॅटिन बदलत गेली. विभक्तिप्रत्यय झिजले, शब्दक्रम आणि शब्दयोगी अव्यये यांच्यावर अर्थाचा भार आला, आणि त्याच ओघात ‘तो’ या अर्थाचे दर्शक सर्वनाम ‘इल्ले’ क्षीण होऊन फ्रेंचमधील ‘ल’, स्पॅनिशमधील ‘एल’, इटालियनमधील ‘इल’ ही उपपदे तयार झाली. रुमानियनमध्ये तर ते नामाच्या शेवटी चिकटले.

एस्पेरांतो ही काटेकोर अर्थाने लॅटिनवर बेतलेली भाषा नव्हे, पण तिचा बराचसा शब्दसंग्रह त्याच घराण्यातील आहे. तिचे निर्माते झामेनहोफ यांनी 1887 मध्ये मांडलेल्या सोळा नियमांपैकी पहिलाच उपपदाविषयी आहे: अनिश्चित उपपद नाही, निश्चित उपपद ‘ला’ हे एकच आणि ते लिंग, वचन, विभक्ती यांनुसार बदलत नाही. ज्यांना त्याचा वापर अवघड वाटेल त्यांनी सुरुवातीला ते वापरू नये, अशी मुभाही तेथेच दिली आहे. झामेनहोफ यांच्या भोवतालच्या रशियन आणि पोलिश भाषांत उपपद नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उदारता समजते.

तुरीनचे गणितज्ञ ज्युसेप्पे पेआनो यांनी 1903 मध्ये थेट अभिजात लॅटिनला हात घातला. ‘लातिनो सिने फ्लेक्सिओने’, म्हणजे प्रत्ययरहित लॅटिन, मांडणारा त्यांचा लेख शुद्ध लॅटिनमध्ये सुरू होतो आणि एकेक प्रत्यय अनावश्यक ठरवत त्या नव्या भाषेतच संपतो. त्यांनी उपपद घेतले नाही. ‘दा आद मे लिब्रो’ म्हणजे ‘मला पुस्तक दे’. गरज पडली तरच ‘उनो लिब्रो’ (एक पुस्तक) किंवा ‘इल्लो लिब्रो’ (ते पुस्तक) म्हणावे. ही सारी व्यवस्था मराठीचीच आहे. नागपूरकडे ‘मला’चे ‘मले’ होईल, पण ‘पुस्तक’ याच्या आधी काही लावावे लागणार नाही. काळासाठीही त्यांनी क्रियापदाआधी भूतकाळाला ‘ए’ आणि भविष्यकाळाला ‘इ’ एवढेच निपात (रूप न बदलणारे लहान शब्द) ठेवले, आणि ‘काल’, ‘उद्या’ असा शब्द असेल तर तेही गाळण्यास हरकत मानली नाही. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्याला यात नवल वाटू नये.

न्यूयॉर्कमध्ये 1924 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सहायक भाषा संघटनेने वेगळा मार्ग धरला. तिने 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इंटरलिंग्वा’ या कृत्रिम भाषेचा आधार लॅटिनच्या हयात वारसांचा आणि लॅटिन शब्द सामावून घेतलेल्या इंग्रजीचा होता: इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, आणि एकत्र धरलेल्या स्पॅनिश व पोर्तुगीज. व्याकरणाचा जो विशेष या सर्वांत आहे तो ठेवायचा, एखाद्या भाषेत नसेल तर सोडायचा, असा दंडक होता. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग नसल्याने ते गेले. उपपद सर्वत्र असल्याने ‘ले’ आणि ‘उन’ राहिले, तेही रूप न बदलणारे. ‘दे ले’चे ‘देल’ आणि ‘आ ले’चे ‘आल’ एवढाच संधी पाळावा लागतो. रशियनला या मोजणीत पूरक स्थान होते. ती मुख्य भाषांत असती, तर याच दंडकाने ‘ले’ बाद झाले असते.

खरी अडचण अव्ययांत आली. शास्त्रीय संज्ञा युरोपभर सारख्या आढळतात, परंतु ‘पण’, ‘सुद्धा’, ‘आता’ यांसारख्या लहान शब्दांबाबत प्रत्येक भाषा आपल्या वाटेने गेलेली असते. ‘पण’साठी फ्रेंचमध्ये ‘मे’, इटालियनमध्ये ‘मा’, स्पॅनिशमध्ये ‘पेरो’. अशा ठिकाणी इंटरलिंग्वाचे प्रमुख रचनाकार अलेक्झांडर गोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत मानलेल्या लॅटिनकडेच वळून ‘सेद’, ‘एतियाम’, ‘नुंक’ उचलले. परिणामी उपपद अर्वाचीन आणि अव्यये प्राचीन, अशी मिश्र वाक्ये घडली. वापरणाऱ्यांना ती सर्वांनाच रुचली नाहीत, आणि ‘सेद’च्या जोडीला ‘मा’, ‘एतियाम’च्या जोडीला ‘आंके’ ही इटालियन वळणाची रूपेही लेखनात चालत राहिली.