प्रतिस्पर्ध्याला कमी लेखणे (तंत्रज्ञान उद्योग)

बाजारात पाय रोवून बसलेल्या कंपनीने नव्या स्पर्धकाची ताकद वेळेत न ओळखणे, ही तंत्रज्ञान उद्योगात वारंवार घडणारी चूक आहे. अज्ञान हे तिचे कारण सहसा नसते. जुनी कंपनी नव्या वस्तूला आपल्या फुटपट्टीने मोजते आणि त्या फुटपट्टीवर ती वस्तू खरोखरच कमी भरते.

२००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी त्याची जाहीर थट्टा केली: किंमत फार, कीबोर्ड नाही, व्यावसायिक ग्राहक घेणार नाहीत. हे आक्षेप त्या दिवसापुरते रास्त होते. पण विक्री सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या आतच ॲपलने किंमत २०० डॉलरने उतरवली आणि जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले. स्पर्धक आज आहे तिथेच थांबेल, हे गृहीतच फसवे होते.

चिप बनवणाऱ्या इंटेलचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे थट्टा नव्हती, हिशेब होता. ॲपलला फोनसाठी एक चिप हवी होती. देऊ केलेला भाव इंटेलच्या अंदाजित उत्पादनखर्चापेक्षा कमी होता, म्हणून नकार गेला. पायउतार होताना, २०१३ मध्ये, प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी मोकळेपणाने सांगितले की खर्चाचा तो अंदाज चुकला होता आणि खप कोणाच्याही कल्पनेच्या शंभरपट निघाला. मन ‘हो’ म्हणत होते, अशीही कबुली त्यांनी दिली. मोबाइल चिपचा बाजार आर्म या चिप-रचना करणाऱ्या कंपनीच्या रचनेकडे गेला.

याउलट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा धोका वेळेत ओळखला. २६ मेच्या अंतर्गत टिपणात त्यांनी इंटरनेटला सर्वोच्च महत्त्व दिले. पुढे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ब्राउझर, इंटरनेट एक्सप्लोरर, विंडोजसोबतच मिळू लागला. नेटस्केप मागे पडली, मात्र त्याच डावपेचांमुळे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. इतकी सावध कंपनी बारा वर्षांनी फोनबाबत गाफील राहावी, हे या विषयातले सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण.

कधी धोका स्वतःच्याच प्रयोगशाळेत जन्मतो. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. फिल्मवर जगणाऱ्या कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ट्रान्सफॉर्मर ही कृत्रिम बुद्धिमत्तेतील रचना २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडली, पण तिच्यावर उभे राहिलेले चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने लोकांपुढे आणले. गूगलचे स्वतःचे चॅटबॉट, बार्ड, मार्च २०२३ मध्ये खुले झाले.