अनुरक्षण सेवा

बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, म्हणून मिळणारी मदत म्हणजे अनुरक्षण. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ती १८ ते २१ वयोगटासाठी आहे. अपवादात्मक परिस्थितीत केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे आणखी दोन वर्षे वाढवता येते. अधिनियमातील अनुरक्षणाच्या व्याख्येत उल्लेख आहे तो संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांचा. प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता मुलाला सांभाळणाऱ्या कुटुंबात, वाढलेल्यांचे नाव तिथे नाही, ही मोठी उणीव आहे.

महाराष्ट्रात या तरुणांसाठी अनुरक्षण गृहे आहेत. आदर्श नियमांत सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याची तात्पुरती घरे, प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन आणि समुपदेशन यांचीही तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. मात्र अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये आर्थिक साहाय्य 'देता येईल' असे म्हटले आहे, 'द्यावे लागेल' असे नाही. या एका क्रियापदामुळे मुलांचा हक्क अधिकाऱ्यांच्या मर्जीवर येऊन ठेपतो.

पैशांइतकीच अडचण कागदपत्रांची होते. खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक गाव विचारतो, ओळखीचे कोण ते विचारतो. कॉलेजच्या अर्जात वडिलांचे नाव लागते, जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडचे पुरावे लागतात. ज्याला आपले आडनावच माहीत नाही त्याने त्या रकान्यात काय लिहायचे? म्हणून आधार, अधिवास, बँक खाते आणि अनाथ प्रमाणपत्र ही कामे मूल संस्थेत असतानाच उरकायला हवीत. अनाथ प्रमाणपत्राला तर फार मोल आहे: एप्रिल २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षण व सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, आणि त्याची वाट या प्रमाणपत्रावरूनच जाते.

दुसरी गोष्ट रोजच्या जगण्याची. घंटा झाली की जेवायला बसायचे, दिवे मालवले की झोपायचे, अशी वर्षे काढलेल्या मुलाने महिन्याचा किराणा कधी भरलेला नसतो, गॅस सिलिंडर लावलेला नसतो, तापात एकट्याने दवाखाना गाठलेला नसतो. हे सारे सोळाव्या वर्षापासून हाताला धरून शिकवावे लागते. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना बनवणे कायद्याने सांगितलेले आहे. तो कागद मुलाशी बोलून भरला तरच त्याला अर्थ आहे.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. दिव्यांग बेवारस मुलांना त्यांनी स्वतःचे नाव लावले आणि अठराव्या वर्षानंतरही त्यांना संस्थेत राहता यावे म्हणून कायदा बदलण्याची मागणी सातत्याने केली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या मुलींची लग्ने झाली, काहींना नोकऱ्या लागल्या, आणि त्यांना माहेर म्हणून परत यायला वझ्झर आहे.